एकाच माणसाचे दोन दहावे

आमच्या ह्यांचा पहिला दहावा झाला तेव्हा हे सरहद्दीपलीकडच्या एका कैदखान्यात मसुरीची डाळ आणि जाड रोटी खात बसले होते. दुसरा गेल्या वर्षी झाला. पहिल्याच्या वेळी मी ह्यांना ओळखतही नव्हते, आणि दुसरा होऊ नये म्हणून मी अख्ख्या भावकीशी दहा दिवस भांडले. त्या भांडणाची हकीकत गावात चार तऱ्हांनी सांगतात आणि चारही तऱ्हांत मी कजाग ठरते. कजाग मी आहेच. पण हकीकत माझी आहे, तेव्हा ती माझ्या तोंडून ऐकलेली बरी.

हे हवाई दलात लढाऊ विमानाचे वैमानिक होते. शिरूर कासारपासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं कोरडवाहू गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव उसाच्या तोडीला बाहेर पडतं आणि उन्हाळा लागला की परततं. माझे सासू-सासरेही दर साल जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते, आणि जोडीतलं एक जरी बसलं तरी कोयता मोडला म्हणतात. अशा घरातल्या पोराला शाळेतल्या मास्तरांनी सैनिकी शाळेच्या परीक्षेला बसवलं आणि तो पास झाला. पुढं तो विमान उडवायला लागला तेव्हा गावातले लोक आकाशातून जाणाऱ्या कुठल्याही विमानाकडं बघून हात हलवायचे. सासूबाई तर पदर सावरून हलवायच्या.

लढाई लागली ती ऐन तोडीच्या दिवसांत. ह्यांचं विमान पलीकडच्या हद्दीत पडलं. सोबतच्या विमानातल्या माणसाला आग दिसली, पण छत्री उघडलेली दिसली नाही. तशी तार घरी आली: बेपत्ता. घराला कुलूप होतं, म्हणून तार चुलतसासऱ्यांच्या हातात पडली. हे त्यांना थोरले आबा म्हणायचे. थोरल्या आबांनी ती शिरूरला नेऊन वाचून घेतली, आणि परत येईपर्यंत त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या लेकीचं लग्न माघातलं धरलेलं होतं. चांगल्या बागाईतदाराचं स्थळ होतं, लिंबागणेशकडचं. घरातला माणूस बेपत्ता म्हणजे लोंबकळत ठेवलेलं सुतक. पोरगा गेला की आहे हे कळेपर्यंत हळद कशी लावायची? आणि तिकडून कुणी विचारलं तर काय सांगायचं? गावच्या भटजींनी सांगितलं की बेपत्त्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. थोरले आबा म्हणाले, जळत्या इमानातून कोण जितं ऱ्हातंय. त्यांनी दुसऱ्या गावचे भटजी आणले, दर्भाचा पुतळा करून जाळला आणि सिंदफणेच्या काठावर दहावा उरकला. माघात हळद लागली.

सासू-सासऱ्यांना यातलं काहीही कळलं नाही. निरोप तोडीच्या टोळीच्या मुकादमाकडं पोचला होता, पण त्यानं तो चार महिने पोटात ठेवला. बाई रडत फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसली असती तर त्याचा एक कोयता मोडला असता. हे मला सासूबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या मुकादमाला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहू शकत नाही. मला त्या तोंडपाठ आहेत, एवढंच सांगते.

उन्हाळ्यात बैलगाडी गावात शिरली तेव्हा वेशीतच बायका गळ्यात पडायला पुढं आल्या. सासरे खाली कोसळले. ते गरीब स्वभावाचे, थोरल्या भावापुढं कधी तोंड उघडलेलं नाही. सासूबाई गाडीतून उतरल्या, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "माज्या पोराला मेल्याला कुनी बघितला?"

कुणीच बघितला नव्हता.

"मग मी न्हाई रडत," म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या.

त्यानंतर त्या दर बाजारच्या दिवशी शिरूरला चालत जायच्या आणि पोस्टाच्या पायरीवर बसायच्या. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. पावसाळ्याच्या तोंडाला एक कार्ड आलं. त्यावर परदेशी शिक्के होते आणि मागं ह्यांच्या हातच्या इंग्रजीत तीन ओळी होत्या: मी बरा आहे, पाठीला मार लागलाय, आईला सांगा. पोस्टमास्तरांनी ते वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. त्या साली त्या तोडीला गेल्या नाहीत. कोयता मोडला तर मोडला.

लढाईनंतर वर्षभरानं हे सुटून आले. गावानं हलगी लावली, वेशीत कमान उभारली. आणि त्याच वेशीत थोरले आबा त्या दुसऱ्या गावच्या भटजींना घेऊन उभे होते. दहावा झालेला माणूस तसाच घरात घेता येत नाही म्हणे. त्याला पुन्हा जन्म द्यावा लागतो. त्याला न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, मधाचं बोट चाटवायचं, पाळण्यात घालून बारसं करायचं आणि नवं नाव ठेवायचं. पाळणाही आणून ठेवला होता. हे पाच फूट दहा इंच उंच. पाळण्यात ह्यांचा एक पाय तरी मावला असता का, कुणास ठाऊक.

ह्यांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आबा, त्या लोकांनी सालभर माज्याकडनं लई काय काय काढायचा प्रयत्न केला. मी नाव, हुद्दा आन नंबर सोडून काई दिलं न्हाई. तिथं जे नाव राखलं ते हितं येऊन बदलू व्हय?"

भटजी म्हणाले, शास्त्र आहे. तेव्हा सासूबाई पुढं आल्या. "एकदा कळा सोसून काढलाय ह्याला. पुन्यांदा मी बाळंत व्हनार न्हाई." त्यांनी ह्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, दंडाला धरलं आणि घरात नेलं. पाळणा वेशीतच राहिला.

त्या दिवसापासून थोरल्या आबांच्या घरानं ह्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. लग्नपत्रिकेत ह्यांचं नाव छापलं नाही. देवकार्याला बोलावलं नाही. हळदीच्या घरावरून हे जायला लागले तर बायका हळदीच्या वाटीवर पदर धरायच्या. भांडण असं कधी झालंच नाही. नुसतं एक माणूस मेलाय असं धरून सगळे वागत राहिले.

अशा माणसाला मुलगी कोण देणार? माझ्या वडिलांनी दिली. वडील केजच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. मध्यस्थानं स्थळ सांगताना आवाज खाली आणून दहाव्याचं सांगितलं, तेव्हा वडील हसत सुटले. "जिवंत मानसाला मेलं ठरवनारे कागद माज्या टेबलावर रोज येतात. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हून सख्खे भाऊ मारतात. ह्याला तर काकानंच मारलंय. आना पोराला."

हे बघायला आले. सरळ पाठीचे, कारण पाठ वाकवता येत नव्हती. विमानातून बाहेर फेकलं जाताना मणके दबले होते. पोह्यांची बशी पुढं केली आणि मी विचारलं, "तुमचा दहावा झालाय म्हणतात?" आईनं मला चिमटा काढला.

"झालाय," हे म्हणाले. "पण मी जेवायला नव्हतो."

मी तिथंच होकार दिला. म्हणजे तोंडानं नाही, पण पोहे आणखी वाढले आणि आईला कळायचं ते कळलं.

नंतरची वीस वर्षं आम्ही छावण्यांच्या गावांत काढली; मी तिथल्या शाळांत शिकवायचे. लढाऊ विमान ह्यांना पुन्हा मिळालं नाही. दोन वर्षं कवायत आणि डॉक्टर केल्यावर मालवाहू विमान मिळालं. हे त्याला ट्रक म्हणायचे. डोंगरातल्या चौक्यांवर पिठाची पोती टाकायची, पुरात अडकलेल्या लोकांवर खाण्याची पाकिटं टाकायची. एकदा मी वैतागून म्हणाले, तुम्ही लढायला शिकलात आणि पीठ काय टाकत फिरता! त्यावर ह्यांनी मला पहिल्यांदा नीट सांगितलं की कैदेत असताना रोज सकाळी कुणीतरी पीठ मळतंय त्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि त्या आवाजावर हे दिवस ओळखायचे. तेव्हापासून मी पिठाबद्दल बोलले नाही.

कैदेबद्दल हे फार बोलत नसत, आणि बोलले की भलत्याच वेळी, बहुतेक जेवताना. चौकशीच्या वेळी बाकी सगळ्याला नाव, हुद्दा, नंबर. पण एकदा चौकशी करणाऱ्यानं सहज विचारलं, बाप काय करतो? ह्यांना वाटलं, हे सांगायला काय हरकत आहे. म्हणाले, ऊस तोडतो. त्या अधिकाऱ्यानं खाडकन कानाखाली वाजवली. वैमानिकाचा बाप मजूर असेल हे त्याला पटेना. त्याला वाटलं, हा चेष्टा करतोय. "वर्षभरात एकच खरी गोष्ट मनापासून सांगितली," हे म्हणायचे, "आणि मार खाल्ला तो तिच्यासाठीच."

आमच्याकडची उर्दू ह्यांना चांगली कळायची. निजामाच्या काळात सासरे दोन यत्ता उर्दूतच शिकले होते आणि बाजारात अर्धी बोली तीच. ह्यांनी तिकडं ती येत नाही असं दाखवलं आणि पहारेकऱ्यांचं बोलणं ऐकत राहिले. पण एक म्हातारा शिपाई गूळ चांगला की वाईट यावर दुसऱ्याशी वाद घालत होता आणि अगदीच चुकीचं बोलत होता. ह्यांना राहवलं नाही. काहिलीत रस किती आटवायचा, वरची मळी कधी काढायची, सगळं दख्खनी उर्दूत ठासून सांगितलं. सोंग उघडं पडलं. त्या म्हाताऱ्यानं वर कळवलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी खिशातून गुळाचा खडा आणला. ते काही त्याचं औदार्य नव्हतं, हे म्हणायचे; त्याला त्याचाच गूळ कसा चांगला ते सिद्ध करायचं होतं.

निवृत्तीनंतर मला पुण्यात राहायचं होतं. हे म्हणाले, गावात. मी म्हणाले, तिथं तुम्हाला मेलेला धरतात. "म्हणूनच," हे म्हणाले. "रोज दिसायला पाहिजे त्यांना." आणि खरंच हे रोज दिसत राहिले. सकाळी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून थोरल्या आबांच्या ओट्यासमोरून शेताकडं जायचे आणि "राम राम आबा" म्हणायचे. आबा मान फिरवायचे. आबा वारेपर्यंत हे एक दिवस चुकले नाहीत. माळावर आम्ही सीताफळं लावली. तोडीच्या हंगामात म्हाताऱ्यांजवळ राहिलेली पोरं मी ओसरीवर शिकवायला बसवायचे. आमच्या घराच्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. ह्यांनी स्वतः स्क्रू काढून सगळ्या कड्या उपसल्या होत्या, न्हाणीघराचीसुद्धा. पाहुणे आले की पंचाईत व्हायची.

आबांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतदीर, राजकारणात वर चढला. जिल्हा परिषद, मग मार्केट कमिटी. निवडणूक आली की त्याच्या फ्लेक्सवर ह्यांचा गणवेशातला फोटो झळकायचा, "आमचे बंधू". पण आमच्या घरात त्यानं कधी चहा घेतला नाही. मी चिडायचे. हे म्हणायचे, "फ्लेक्सवर तरी जिवंत धरलंय."

एवढं चेष्टेवारी नेणारा माणूस, पण एका गोष्टीत अजिबात चेष्टा नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी हे मला बजावायचे: "मी गेल्यावर माझा दहावा करायचा नाही. एक झालेला आहे. तो चुकला असं भावकीतलं कुणी चारचौघांत म्हणालं तर खुशाल दुसरा करा. नाही म्हणालं तर मी त्यांच्या हिशोबानं तेव्हाच गेलोय, आता पुन्हा कशाला जाऊ?" मी हो म्हणायचे. पुढंपुढं आमच्या एकुलत्या मुलीनंही हो म्हणून टाकलं. हे ऐंशीच्या घरात पोचले होते आणि आम्हाला वाटायचं, अजून पुष्कळ वेळ आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात, सकाळी दाढी करून हे अंगणात खुर्चीवर बसले, चहा मागितला, आणि मी चहा आणेपर्यंत गेले होते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून माजी सैनिक आले, तिरंगा आला, सलामी झाली. अग्नी मुलीनं दिला. एरवी भावकीनं आकाशपाताळ एक केलं असतं, पण समोर गणवेशातली माणसं होती, त्यामुळं कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी दीर आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "वैनी, दहावा सिंदफणेच्या घाटावर, त्याच जागी. मंडप सांगितलाय. कीर्तन हाय. मोठी मान्सं येनार हायत. तुमी कसली काळजी करू नका."

"काळजी नाही करत," मी म्हणाले. "दहावा करायचा नाही."

मी ह्यांची अट सांगितली. त्याचा चेहरा पडला. "म्हंजी मी माज्या मेल्याल्या बापाला चारचौघांत चुकला म्हनू?"

"बरोबर."

"त्ये व्हनार न्हाई."

"मग दहावा पण होणार नाही."

तो गेला. पाचव्या दिवशी भावकीतले दोन म्हातारे आले, सातव्या दिवशी चार. मुलगी मला आत घेऊन म्हणाली, आई, सोड ना, बाबा आता बघायला आहेत का? मी तिच्यावर इतकी ओरडले की बाहेरचे म्हातारे उठून उभे राहिले. त्या दिवसांत मला रडायला फुरसतच नव्हती. सकाळी उठले की कोण येणार आणि त्याला काय बोलायचं एवढंच डोक्यात. माझी तब्येत उलट सुधारली होती.

नवव्या दिवशी दीर पुन्हा आला. या वेळी तो खाली बसला आणि शांतपणे बोलला. "वैनी, तुमी नका येऊ. आमची ना न्हाई. पर भाऊबंद म्हून पिंड द्याचा हक माजा हाय. मी बसतो इधीला."

म्हणजे पुन्हा तेच. आई नको, बायको नको, लेक नको. आबांनी केलं तसंच त्यांचा मुलगा करणार, त्याच काठावर, आणि गाव जेवून घरी जाणार. मी त्याला एवढंच म्हणाले की उद्या भेटू.

दहाव्या दिवशी सकाळी मी आणि मुलगी घाटावर पोचलो तेव्हा मंडप भरला होता. फ्लेक्सवर ह्यांचा फोटो लहान आणि दिराचा मोठा. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी रिकाम्या होत्या. दीर भादरलेल्या डोक्यानं, ओल्या धोतरात, बोटात दर्भाची अंगठी घालून पाटावर बसला होता. मी आलेली बघून बायकांत हालचाल झाली. त्यांना वाटलं, बाई वळणावर आली. दोन वयस्कर जावा पुढं आल्या. एकीच्या हातात दगड होता. दुसरीनं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "चला बाई, बांगड्यांचं उरकून घेऊ."

मी मनगट सोडवलं आणि माइककडं गेले. आयुष्यभर शाळेत शिकवलंय, माइकची मला भीती नाही. सूत्रसंचालक पोरगा घाबरून बाजूला झाला.

"मला एक हिशोब समजावून सांगा," मी म्हणाले. "याच घाटावर ह्यांचा दहावा झाला. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी तेव्हाचं जेवण जेवलेलं आहे. त्यानंतर मी ह्यांच्याशी लग्न केलं. म्हणजे मी मेलेल्या माणसाशी लग्न केलं. संसार मेलेल्याशी केला, लेक मेलेल्याची झाली. मग माझा नवरा आज कसा काय मेला? आणि माझ्या बांगड्या आज कशासाठी फोडताय?"

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"तो दहावा खरा असेल तर हा खोटा. हा खरा असेल तर तो खोटा होता आणि तुम्ही एका जित्या माणसाला पन्नास वर्षांवर बाजूला ठेवलंत. दोन्ही खरे असू शकत नाहीत. भाऊजी, कुठला खरा ते तुम्ही सांगा. मग काय करायचं ते करा."

दीर माझ्याकडं न बघता भटजींना म्हणाला, "तुमी चालू करा." भटजींनी पळी उचलली.

तेव्हा बायकांमधून एक बाई उठली. नऊवारीतली, गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावून उठली. मला ओळख पटायला क्षणभर लागला. आबांची लेक, जिच्या लग्नासाठी माघाची घाई झाली होती ती. लग्न झाल्यापासून आमच्या उंबऱ्याला तिनं पाय लावला नव्हता.

"माज्या हळदीसाठी दादाला मारलं," ती म्हणाली. माइक नव्हता, पण ऐकायला सगळ्यांना आलं. "मेल्याला कुनी बगितला न्हाई ह्ये बाबाला ठावं हुतं. भटजी नगं म्हनत हुते. माजी आई रडत हुती. मी हळद लावून घेतली. कावून बोल्ले न्हाई म्या तवा? सांग की रं, तुला बी ठावं हाय. का गप बसलाय?"

दीर पाटावरून उठला. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. रिकाम्या खुर्च्यांकडं त्यानं एकदा बघितलं. पाहुणे अजून आलेले नव्हते. मग तो माझ्याजवळ आला आणि मी माइक त्याच्या हातात दिला.

"तवाबी मीच भादरून घेतलं हुतं," तो म्हणाला. "सतरा वर्साचा हुतो. बाबा म्हनला, बस, तर बसलो." तो थांबला. एवढी भाषणं केलेल्या माणसाला वाक्य जुळेना. "दादा जिता हुता. बाबाचं चुकलं. आमचं समद्याचं चुकलं. आल्यावर बी आमी त्याला घरात घ्याला पायजे हुतं. न्हाई घेतलं. चुकलं."

 त्यानं माइक त्या सूत्रसंचालक पोराच्या हातात दिला.

मी जिंकले होते. सासूबाई जो शब्द ऐकायला जन्मभर थांबल्या, ह्यांनी जो शब्द "राम राम आबा" म्हणत रोज सकाळी मागितला, तो चारचौघांत, माइकवरून, एकदा नाही, तीन वेळा उच्चारला गेला होता. माझ्या अंगात एकदम बळ आलं. मी पदर खोचला, चपला शोधल्या आणि मंडपाबाहेर चालायला लागले.

मुलगी मागून धावत आली. "आई, कुठं निघालीस?"

"घरी," मी म्हणाले. "ह्यांना सांगायला."

ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. तेव्हा मला कळलं की घरी कुणी नाही. दहा दिवस मी ह्यांच्या बाजूनं भांडत होते, म्हणून हे होते. आता भांडण मिटलं होतं आणि पहिला दहावा खोटा ठरला होता. मी स्वतःच तो खोटा ठरवला होता. आणि हा खरा होता.

मी तिथंच वाळूत बसले. कधी नव्हे ते मोठ्यानं रडले, गावानं ऐकावं इतक्या मोठ्यानं. नणंद येऊन शेजारी टेकली. दीर पुन्हा पाटावर जायला निघाला होता, तो थांबला आणि बोटातली दर्भाची अंगठी काढून त्यानं माझ्या मुलीच्या हातात दिली. भटजींनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मुलीला पाटावर बसायला सांगितलं. माझ्या बांगड्यांचं नाव मग कुणी काढलं नाही.